पेव उघडताना

बहिःस्थ बी.ए.च्या पोरांना मी संवाद शिकवतो,
संध्याकाळी सहा ते साडेसात, सांगलीत, मार्केट यार्डामागे,
बेदाण्याच्या शीतगृहाचा पंखा घरघरत असताना.
एक अनवाणी ग्रीक म्हातारा,
आई सुईण, बाप पाथरवट,
भर बाजारात माणसं अडवून विचारायचा :
शौर्य म्हणजे काय?
बरं, मग चांगलं म्हणजे काय?
आणि समोरचा घरी परतायचा
होतं ते उत्तरही हरवून.

पोरं लिहून घेतात.
परीक्षेला दहा मार्कांची गुहा हमखास येते.
साखळ्या, पाठीमागे जाळ, भिंतीवर सावल्या,
एकजण सुटतो, वर येतो, सूर्य बघतो.
"पुढे?" मी विचारतो.
"पुढे टीप सांगा ना, सर," तस्लीमा म्हणते.

यंदा म्हटलं, गुहाच दाखवू.
सहाजणांना घेऊन रिक्षांनी हरिपूरला गेलो,
संगमाच्या अलीकडं,
जिथं जमिनीच्या पोटात हळद झोपायची.
आता एकच पेव धड आहे, तेही रिकामं.
आदगोंडा नाना तोंडावरची फरशी सरकवतात.
चाळीस वर्षं उतरले आत.
गुडघे तिथंच राहिलेत म्हणतात.

"लगीच वाकू नगा.
आदी त्याला श्वास घिऊ द्या."
आम्ही थांबलो. बराच वेळ. कुणाचा तरी फोन वाजला.
मग त्यांनी कंदील दोरीला बांधून सोडला,
हात हात, हात हात,
आणि वीतभर उजेड खाली जाता जाता
विझला.
"बगा. कंदील जिथं जगत न्हाई
तिथं मानूस घालायचा न्हाई."

मी माझा धडा पुढे रेटला :
पण नाना, आत अंधार, बाहेर ऊन.
उन्हात येणं चांगलं, नाही का?
"मानसानं यावं की.
हळदीनं न्हाई."
म्हणजे?
"उनात ठिवली की रंग उडतोय तिचा.
आत ठिवा, धा वर्सांनी काडा,
हात पिवळा हुतोय."
मग अंधार चांगला?
"कशाला, ते आदी सांगा, मास्तर."

पोरं हसली. मीही.
माझं उत्तर कुठं पडलं, बघत होतो.

मग तस्लीमानं विचारलं, वही न उघडता :
पुस्तकात वर गेलेला परत खाली येतो,
तर खालचे त्याला हसतात, मारायलाही उठतात.
तुम्हाला कोण हसलं?
नानांनी तिच्याकडं असं बघितलं,
जसं चुकीच्या भावात सौदा झाल्यावर बघतात.
"हसंल कसं, बाई?
दोरी वरच्याच्या हातात असती."

पुस्तकात दोरी नाही.
सतरा वर्षं शिकवतोय मी, साखळ्या पाठ आहेत,
जाळ किती अंतरावर, तेही सांगतो.

"माजी दोरी बाळगोंडाकडं. धाकटा.
लई बोलायचा, पर दोरी धरली की मुका.
एकदा आत डोळ्यापुडं आलं, हाक फुटंना,
त्यानंच वडून काडला."
त्याला कळलं कसं?
नाना फरशी परत सरकवत होते.
"दोरी जड लागती म्हनं. निराळी."
बाळगोंडा आता कुठे असतो, ते कुणी विचारलं नाही.
पुरानंतर इथं कुणी कुणाचं विचारत नाही पटकन.

परतताना पोरांत प्रश्नांचं पेव फुटलं,
माझं लक्ष रस्त्याकडं.

काल सराव परीक्षेचे पेपर तपासले.
गुहेवर पाचजणांनी माझीच टीप दिलीय, काना-मात्रेसकट.
तस्लीमानं सूर्यापर्यंत नीट लिहिलंय,
मग एक ओळ सोडून :
"वर येणारा एकटाच आला असे दिसते.
त्याला कोणी धरले होते, हे विचारायचे राहिले."
खाली अर्धं पान कोरं.

दहापैकी.
लाल पेनाचं टोपण काढून बसलोय.
पंखा बंद झालाय शीतगृहाचा,
वीज गेली असावी त्यांच्याकडची.